वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर एक तास

आज डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर शेजाऱ्याच्या १९६९च्या शेव्हरले कॅमॅरो गाडीतून फिरलो. बॉनेटखाली ३८३ स्ट्रोकर, म्हणजे पिस्टनची धाव (स्ट्रोक) वाढवलेलं ३८३ घन इंचांचं इंजिन. शेव्हरलेच्याच ३५० घन इंची इंजिनाचा ब्लॉक, बोअर (सिलिंडरचा व्यास) ०.०३० इंच वाढवलेला, आणि क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) ४०० इंजिनाच्या मापाचा. स्ट्रोक ३.४८ वरून ३.७५ इंच.

स्ट्रोकर तापतो, टिकत नाही, हे वर्षानुवर्षं ऐकत आलोय. आज भर उन्हात सिग्नलमागून सिग्नल, तरी तापमानाचा काटा १९० फॅरनहाइटवरून हलला नाही. शेजारी म्हणाला, स्ट्रोकला दोष देऊ नकोस, जोडणी बघ. लांब स्ट्रोकमुळे पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला लागू शकतात, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टलाही. तिथे ग्राइंड करून जागा करायची, क्रँक हाताने फिरवून एकेक रॉड तपासायचा. त्याने ते केलंय. शिवाय रेडिएटर मोठा आणि कॅम सौम्य, म्हणजे व्हॉल्व्ह बेताने उघडणारा. कॅमचं मला फारच पटलं. उग्र कॅम घातला की आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, इंजिन थरथरतं, ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या बूस्टरला इंजिनाचा व्हॅक्यूम पुरत नाही. अशी गाडी रोज कोण चालवणार?

आणि तो टॉर्क, इंजिनाचा ओढण्याचा जोर! जेमतेम २,००० आरपीएम, पाय अर्धाही दाबलेला नाही, आणि पाठ सीटला टेकते. पुढच्या रविवारी स्टीअरिंग माझ्या हातात देणार आहे.