चाळिशीत ज्युदो लावू का? तुम्ही विचारलंत म्हणून

"तू अजून जातेस का गं त्या ज्युदोला?" हा पहिला प्रश्न, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "मी पण लावू का मग? या वयात जमेल का?" लिफ्टमधे, लग्नात, ऑफिसच्या कॅन्टीनमधे, आणि आता व्हॉट्सॲपवर पण. दरवेळी उभ्याउभ्या काहीतरी अर्धवट सांगते, म्हणून एकदा नीट लिहून टाकते. ज्युदो म्हणजे जाड ड्रेसची कॉलर-बाही धरून समोरच्याला खाली पाडायची जपानी कुस्ती.

वयाचं म्हणाल तर गुडघे, कंबर आणि बीपी काय म्हणतायत ते आधी डॉक्टरांना विचारा, मला नको. स्लिप डिस्क असेल किंवा हाडं ठिसूळ झालीयत असं रिपोर्टमधे आलं असेल तर ज्युदो नको, स्पष्ट सांगते. बाकी चाळिशी वगैरे ठीक आहे, दम लागतो, पहिले काही आठवडे जिना उतरताना आई गं होतं, मग होईनासं होतं.

पण बहुतेकींच्या डोक्यात असतं ते सेल्फ डिफेन्स. इथे माझं मत जरा कडू आहे. आठवड्यातून दोन दिवस येऊन चाकूवाल्याला लोळवाल असं जो सांगतो त्याच्या क्लासला फी भरू नका. चेन खेचणारा बाईकवरून येतो, तुम्ही पवित्रा घेईपर्यंत तो पुढच्या सिग्नलला पोचलेला असतो. फरक पडतो तो वेगळाच, कोणी दंड धरला, अंगावर आलं तर आपण गोठून जात नाही, कारण क्लासमधे कोणी ना कोणी आपली कॉलर धरून ओढतच असतं, त्याची सवय होते. आवाजही फुटतो. एवढंच, पण एवढं पण कमी नाही.

मी ज्युदोच का म्हणते तर त्यात सगळ्यात आधी पडायला शिकवतात. त्याला उकेमी म्हणतात. आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्याने. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, आणि पाठ टेकता टेकता हात अंगापासून थोडा लांब, तळवा खाली करून मॅटवर फाडकन आपटायचा. डोकं खाली लागताच कामा नये आणि पडताना हात टेकवायला जायचं नाही, मनगटं तशीच तर मोडतात. कंटाळा येईपर्यंत हेच, आणि कंटाळा आल्यावर परत हेच. गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या शेवाळलेल्या फरशीवर मी उताणी पडले, पिशवीतल्या टोमॅटोंचा चिखल झाला, डोक्याला काही नाही. आता तुम्हीच बघा, आपल्या वयात गुंडाशी गाठ पडायचे चान्सेस जास्त की ओल्या फरशीशी!

ज्युदो तसा फार जुना नाही. १८८२ साली तोक्योत जिगोरो कानो नावाच्या तरुण शिक्षकाने एका देवळात मोजक्या विद्यार्थ्यांना घेऊन सुरू केला. जुजुत्सू या जुन्या जपानी झटापटीच्या विद्येतल्या ठोसे-लाथा आणि जिवावर बेतणारे डाव त्याने मोकळ्या सरावातून बाजूला काढले, म्हणजे उरलेले डाव पूर्ण जोर लावून करता येतात आणि दोघंही उद्या परत मॅटवर येतात. मला तर ही फार हुशारीची गोष्ट वाटते.

तरीपण धोका नाही असं समजू नका. खुद्द जपानमधे १९८३ नंतर शाळांमधल्या ज्युदोत शंभरावर मुलं दगावलीयत, त्यातली बरीच डोक्याला मार लागून, आणि नवशिकी मुलं त्यात जास्त. म्हणून कुठला क्लास लावू याला माझं उत्तर एकच, फी भरायच्या आधी एक दिवस नुसतं कडेला बसून बघा. सरांची सर्टिफिकेटं, भिंतीवरच्या ट्रॉफ्या नंतर. आधी बघायचं की जुनी मुलं नवीन माणसाला कशी टाकतात. चांगल्या क्लासमधे टाकणारा समोरच्याची बाही शेवटपर्यंत सोडत नाही, वर ओढून धरतो, त्यामुळे पडणाऱ्याचं डोकं उचललेलं राहतं आणि तो अलगद येतो. जिथे टाकून बाही सोडून देतात आणि सर मोबाईलमधे असतात तिथून चपला घालून घरी या. पहिल्याच आठवड्यात ओसोतो-गारी घालून मागे पाडतायत, म्हणजे पाय मागून अडकवून उताणं, तरी पण घरी या.

पुरुषांबरोबर करावं लागतं का, हा प्रश्न हळू आवाजात येतो. हो, बायका कमी असल्या तर लागतं. ड्रेसच्या आत पांढरा टीशर्ट घालायचाच असतो. पहिले दिवस अवघड वाटतं, मग घामाने दोघांचाही अवतार असा झालेला असतो की काही वाटेनासं होतं. नको असेल तर सरांना सांगायचं, यांच्याबरोबर नाही करणार. यावर ज्यांना राग येतो ते सर नकोत.

मुलांना कराटे लावू का विचारणाऱ्या आया, लावा की. सोसायटीत आहे, चालत जाता येतं, मुलं दमून झोपतात. फक्त दर तीन महिन्याला ग्रेडिंगची फी आणि नवा बेल्ट असं सुरू झालं तर जरा विचारा काय शिकवलंत म्हणून. आणि ऑलिंपिकची स्वप्नं असतील तर कराटे ऑलिंपिकमधे एकदाच होतं, २०२१ मधे तोक्योत, पॅरिसला नव्हतं. ज्युदो १९६४ मधे आला, बायकांना मेडल मात्र १९९२ पासून.

ड्रेस लगेच घेऊ नका, महिनाभर जुना ट्रॅकसूट चालतो, नंतर घ्याल तेव्हा एक साइज मोठा घ्या, जाड कॉटन असतं, पहिल्या धुण्यात आटतं. आणि नखं कापून जा, हातापायाची दोन्ही, बांगड्या मंगळसूत्र घरी ठेवा. बुधवारी आमच्याकडे नवीन लोक जास्त असतात, बघायला यायचं तर त्या दिवशी या.