रात्रीची लाईट आणि साडेआठची गोळी

मंगळवार

आजपासून आमच्याकडे रात्रीची लाईट. दहाला येणार, सकाळी सहाला जाणार. यावल-रावेरकडच्या केळीवाल्याला हे समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, आमच्या शेतातली थ्री फेज एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. मे महिना आहे, पारा ४५ ला टेकलाय, नवती बाग, म्हणजे नव्या लागवडीची केळी, निसवतेय, घड बाहेर पडताहेत. या दिवसांत पाण्याचा खाडा परवडत नाही.

माझ्या गोळ्यांची वेळ मात्र रात्री नऊची होती.

कसल्या गोळ्या, तेही लिहूनच टाकतो. बायपोलर, म्हणजे मन कधी अति वर चढतं, कधी खोल खाली जातं, तो आजार. सहा वर्षं झाली. रात्री लिथियमच्या ४०० च्या दोन आणि क्वेटियापिनची १०० ची एक. लिथियमचं काही जाणवत नाही, ते गुपचूप आपलं काम करतं. क्वेटियापिन तासाभरात डोळे मिटवते.

एप्रिलमध्ये रात्रीची पाळी लागली तेव्हा नऊला गोळ्या घेऊन झोपलो, एकचा गजर लावला. फिल्टर धुवायचा होता, व्हॉल्व्ह बदलायचा होता. या गोळीवर उठताना आधी बसायचं आणि मग उभं राहायचं, हे डॉक्टरांनी सांगितलेलं. गजराच्या घाईत कोणाला आठवतं? बांधावर पोहोचलो आणि सगळी बाग एका बाजूला कलंडली. बॅटरी हातातून सुटून चिखलात पडली, तिथूनच केळीच्या खोडांवर उजेड मारत राहिली. मी पाईपावर हात टेकून बसलो. पाईप गार होता, आतून पाणी धावताना हाताला कळत होतं. दहा मिनिटं तरी तसाच बसलो असेन.

दुसऱ्या दिवशी माझा मीच निकाल लावला. रात्रीच्या पाळीत गोळ्या शेतातून आल्यावर घ्यायच्या. कधी दीड, कधी साडेतीन. बायको म्हणाली, “डॉक्टरांना विचारलं का?” म्हटलं, “त्यात काय विचारायचं? गोळ्या त्याच, वेळच तर बदलतोय.”

त्या आठवड्यात सकाळी सातला कटाईवाले यायचे तेव्हा माझं डोकं ओल्या बारदानासारखं जड. चौथ्या रात्री उलटंच झालं, झोपच उडाली. पहाटे चारला मी वहीत आधी ठिबकचा नवा आराखडा काढत होतो, मग शीतगृहाचा, मग थेट आखातात केळी पाठवायचा. जमीन तीन एकर! हे लक्षण मी ओळखतो, पण ते माझ्याआधी बायकोला कळतं. “अहो, तुमचं बोलणं जोरात झालंय.” एवढंच म्हणाली.

नेमकी त्याच आठवड्यात रक्तातलं लिथियम तपासायची तारीख आली. रिपोर्ट १.२. आधीच्या वेळी ०.८ होतं. जळगावला डॉक्टर मॅडमनी कागद पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “रक्त द्यायच्या आदल्या रात्री गोळी किती वाजता घेतली होती?”

सवयीने म्हटलं, “नऊला.”

शेजारच्या खुर्चीवरून बायको म्हणाली, “पावणेदोनला, मॅडम.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. रक्त मी सकाळी नऊला दिलं होतं. म्हणजे गोळीनंतर सव्वासात तासांनी. ही तपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी करायची असते, ०.६ ते १.० चा जो आकडा आपण बघतो तो बारा तासांच्या हिशेबातला. आधी रक्त दिलं तर आकडा फुगलेला दिसतो. माझं ‘नऊ’ खरं धरून चालल्या असत्या तर डोस कमी झाला असता, तोही नेमका मी वर चढत असताना. पुन्हा तपासणी केली, या वेळी बरोबर बारा तासांनी. ०.९ आलं.

मग गोळ्या उशिरा नाही, उलट अर्धा तास अलीकडे आल्या. साडेआठ, जेवणाबरोबर, लाईट कुठलीही असो. आणि रात्रीचं शेत बंद. हे मला कडू लागलं. जागरणाने माझा आजार पुन्हा उसळू शकतो, हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे. पण रात्री मोटरीवर न जाणारा केळीवाला म्हणजे काय, हेही मला माहीत आहे. मोठ्या भावाने तोंडाने काही म्हटलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. बायको म्हणाली, “पाहू द्या.”

गुरुवार

आज लग्नात पंगत रात्री उशिरा बसली. आमचे मामा मांडवात सगळ्यांदेखत ओरडले, “माझी शुगरची गोळी आणा रे!” चार पोरं धावली. मी साडेआठला घरून आणलेली पोळी मांडवामागे खाल्ली, शर्टाच्या खिशातून गोळ्या काढल्या आणि भिंतीकडे तोंड करून घेतल्या. नेमकी मागून आई आली. “गोयी घेतली का रे भाऊ?” आईचा आवाज म्हणजे लाऊडस्पीकरच. बाजूच्या दोघांनी वळून पाहिलं. पूर्वी मी तिच्यावर चिडायचो. आज म्हटलं, “घेतली.”

आईला एक समजावणं बाकी आहे. तिला बीपी, म्हणून तिने सगळ्यांच्याच भाजीतलं मीठ कमी केलंय. अंगातलं मीठ एकाएकी घटलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं, रक्तात ते वाढतं, आणि या उन्हात घामाने मीठ आधीच घटतंय. हात थरथरू लागले किंवा जुलाब सुरू झाले तर लगेच फोन करा, असं मॅडमनी बजावलंय. कंबर धरली म्हणून मेडिकलवरून डायक्लोफेनॅक आणायलाही बंदी. त्यानेही लिथियम वाढतं.

शनिवार

मोटरीला ऑटो बसवलाय, लाईट आली की आपोआप सुरू होते. व्हॉल्व्ह बदलायला पुतण्या जातो. काल रात्री साडेअकराला त्याचा फोन आला होता म्हणे, “काका, कुठला फिरवू?” मला पत्ताच नाही. फोन बायकोने घेतला आणि तीन नंबर सांगितला. सकाळी जाऊन पाहतो तर तीन नंबरने पिलबाग, म्हणजे जुन्या खोडांच्या पिलांची बाग, चिंब, आणि नवती कोरडी. नवतीचा व्हॉल्व्ह चार नंबरचा. आज संध्याकाळी दोन्हींना रंग मारून येतो, साडेआठच्या आत.