हातभर पाइप

रविवार

गोठ्यातला नळ गोठला. वाक्य ऐकायला गमतीचं आहे, पण पहाटे साडेपाचला हातात रिकामी बादली असेल तर हसू येत नाही. चावी फिरवली. थेंब नाही, साधा फुसकारासुद्धा नाही. लोखंडाचा चटका तेवढा तळहाताला बसला.

काल रात्री बाबा आभाळाकडे बघून म्हणाले होते, "वारा नाही, ढग नाही. बघ हं." मी बघितलं. चांदण्या इतक्या लख्ख होत्या की पाच मिनिटं बघतच राहिले आणि आत येऊन झोपले. बाबांना चांदण्या म्हणायच्या नव्हत्या. सकाळी पडवीतला तापमापक उणे ६ दाखवत होता.

टाकी मात्र भरलेली. काल संध्याकाळीच १००० लिटर चढवलंय. शिडीवर चढून झाकण उघडलं, वर पापुद्र्याएवढा बर्फ, खाली पाणीच पाणी. आणि खाली नळाला काही नाही. पाणी नसतं तर चिडायला तरी कोणी सापडलं असतं.

विहिरीवर गेले तर तिथून वाफ निघत होती. दरवर्षी बघते तरी दरवर्षी बरं वाटतं. थोडं खोल गेलं की जमीन हिवाळा-उन्हाळा फारसा मानत नाही. वर्षभराची सरासरी धरून बसते, तेच तापमान विहिरीच्या पाण्याला. उणे ६ मधून आलेल्या हाताला ते चक्क कोमट लागतं.

मग दोर, पोहरा आणि हिशेब. एरवी कोण किती पितं हे मला माहीतच नसतं, नळ सोडला की काम झालं. आज कळलं. दुभत्या दोन गायींना मिळून शंभरावर लिटर. कालवडीला वीस-पंचवीस. शेळ्यांना मिळून तितकंच. कोंबड्यांचं किरकोळ. घरातल्या तिघांना काटकसर करून शंभर. म्हणजे २५० लिटर, पंधरा लिटरच्या बादलीनं सतरा खेपा. लिटरचा एक किलो होतो हे शाळेत पाठ केलं होतं, खांद्यांना आज समजलं.

गव्हाणीशेजारच्या हौदावर बोटभर बर्फ होता. कुदळीच्या दांड्यानं फोडला. खाली पाणी होतंच. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, ते तळाशी बसतं आणि बर्फ वर तरंगतो, म्हणून हौद वरून गोठतो. हे उलटं असतं तर तळापासून दगड झाला असता आणि कुदळीनंही भागलं नसतं. गायींनी त्या पाण्याला नाक लावलं आणि मान फिरवली. विहिरीचं ताजं ओतलं तर एका दमात प्यायल्या. त्यांचे लाड म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही. थंडीत सगळं कोरडं वैरण, पाणी कमी गेलं की खाणं कमी, खाणं कमी की दूध कमी.

सरपणाच्या ढिगामागे थाळीएवढा बर्फ दिसला. कुत्र्याचं भांडं सांडलं असेल म्हणून पुढे गेले.

सोमवार

आजचा मूर्खपणा लिहून ठेवते. बाबा आठवण करून देणारच आहेत, त्यापेक्षा माझ्या हातून बरा.

चुलीवर हंडाभर पाणी उकळवलं आणि भिंतीलगतच्या पाइपवर ओतलं. धो धो वाफ झाली. आता सुटेल, आता सुटेल. काही सुटलं नाही. पाणी पाइपवरून घसरून पायरीवर गेलं, अर्ध्या तासात पायरीची काच झाली आणि मी तिच्यावरून बादलीसकट बसले. कंबर शाबूत आहे. बादलीचा कान गेला.

रात्री कागदावर गणित मांडलं. शून्य अंशांचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला जितकी उष्णता लागते, तितक्यात एक लिटर पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. बर्फ इतकं घेतो आणि तरी काटा शून्यावरच. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश प्राध्यापकानं १७६० च्या दशकात हे ओळखलं आणि या लपलेल्या उष्णतेला नाव दिलं. माझ्या हंड्यातली उष्णता काही सेकंद पाइपला चाटून पायरीत मुरली होती. इतक्या खादाड सामानाचं चमच्यानं भागत नाही.

मंगळवार

रात्री ढग आले. सकाळी तापमापक १ वर. ढग म्हणजे रजई, हे सगळे म्हणतात. विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या डॉक्टरनं दोनशे वर्षांपूर्वी रात्र रात्र गवतात तापमापक ठेवून ते पडताळलं आणि १८१४ साली मांडलं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गवत वरच्या हवेपेक्षाही थंड होतं, कारण ते आपली उष्णता सरळ आभाळाला देऊन टाकतं. चार काटक्यांवर पातळ रुमाल ताणला तरी खालचं गवत उबदार राहतं, हेही त्यानं करून पाहिलं होतं. काल संध्याकाळी मी हौदावर तसंच जुनं लुगडं ताणलं होतं. आज हौद गोठला नाही. त्यात लुगड्याचं श्रेय किती आणि ढगांचं किती, हा वाद बाबा आणि मी दिवसभर घालतोय.

मुख्य गोष्ट वेगळीच. अडथळा सापडला.

टाकीपासून येणारा पाइप सगळा जमिनीखालून आहे, चांगला खोल. गोठ्याच्या भिंतीशी तो वर येतो आणि आत वळतो. जमीन आणि भिंत यांच्या मधे तो उघडा आहे, हातभर. फक्त हातभर. तिथे दिवाळीआधी मी स्वतः गोणपाट गुंडाळलं होतं, सुतळीनं नीट आवळून. फार मन लावून केलं होतं ते काम. आज सुतळी कापली तर गोणपाट लाकडासारखं टणक. पावसाची उरलीसुरली ओल आणि रोजचं दव पिऊन ते भिजलं होतं. कोरडं गोणपाट ऊब धरतं ते त्यात अडकलेल्या हवेमुळे. भिजलं की हवा गेली, राहिलं पाणी, आणि तेही गोठलं. पाइपला मी बर्फाची पट्टी बांधून ठेवली होती.

"स्वेटर घातलास त्याला," बाबा म्हणाले, "पण ओला."

या वेळी घाई केली नाही. गोणपाट काढलं, केस वाळवायचं यंत्र लांब वायरीला जोडलं. बाबांनी आधी नळ पूर्ण उघडायला लावला आणि नळाच्या बाजूनं सुरुवात करायला सांगितलं. ते बरोबरच. मधेच तापवलं तर वितळलेलं पाणी दोन बर्फांच्या मधे कोंडतं, त्याला बाहेर यायला वाट हवी. पेटता बोळा धरायचा मोह झाला होता, पण भिंतीला वैरण टेकलेली. एवढ्यापुरती अक्कल होती.

पाऊण तास. मग नळात खडखड, दोन-तीन बर्फाचे खडे बादलीत टणकन पडले, आणि मागून पाणी. मी ओरडलेच. कालवड दचकली. नळ बंद केला, हात धुतले, कामाला लागले.

संध्याकाळी टाकी वाजवून बघितली. पोकळ.

मंगळवार, रात्री

झोप नाही, म्हणून लिहिते. सरपणामागची ती थाळी कुत्र्याची नव्हती. तिथे भिंतीच्या आतल्या अंगाला पाइपचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, आहे आणि तो उभा चिरलाय. नखभर चीर. दुपारभर तिथून माझं हजार लिटर शांतपणे ढिगाखालून नाल्याला गेलं.

मला वाटायचं, बर्फ होतो तिथेच पाइप फुटतो. पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढतं. उघड्या हातभर पाइपात गोठलेली गुडदी वाढत गेली आणि पुढचं पाणी तिनं ढकललं बंद नळाकडे. नळ हटेना, गुडदी हटेना, मधे सापडलं पाणी. पाणी दाबलं जात नाही, ते ताण पुढे देतं. मग जो सगळ्यात कच्चा तो गेला. गोठलं एकीकडे, फुटलं हात-दोन हात पुढे, जिथे पाइपातलं पाणी मुळात गोठलंच नव्हतं. फुटताना थोडं पाणी सांडलं, त्याची थाळी झाली. पुढे सगळं गप्प, कारण टाकीचं पाणी तीच गुडदी अडवून होती. तीन दिवस मी जिला शिव्या घातल्या, तिनंच माझी टाकी राखली होती. आणि मी यंत्र लावून तिला घालवलं.

शनिवारी नळ रात्री थोडा टपकता ठेवला असता तर दाबाला वाट मिळाली असती. पाणी वाया जातं म्हणून मी तो दोनदा आवळून बंद केला होता.

बुधवार

एल्बो बदलला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, बोटं बधिर झाली आणि पाना दोनदा पडला.

मोटारीनं मात्र दुपार खाल्ली. रविवारी घाबरून मी तिच्या पोटातलं पाणी खालच्या बुचातून काढून टाकलं होतं. आत गोठलं तर बीडाचं कवच तडकतं, म्हणून ते योग्यच केलं. पण आज चालू केली तर नुसती घुमते, पाणी उचलत नाही. पोटात पाणी नसलं की ती हवाच फिरवत बसते, आणि कोरडी चालवली की आतलं सील जळतं. लगेच बंद केली. वरून पाणी ओतायला लागले, चार बादल्या ओतल्या तरी भरेना. म्हणजे विहिरीतला फूट व्हॉल्व्ह, पाइपच्या खालच्या टोकाची झडप, पाणी धरत नव्हता. सक्शन पाइप ओढून वर घेतला तर झडपेत काडी अडकलेली. एक काडी! ती काढली, पुन्हा ओतलं, या वेळी काठोकाठ भरलं आणि तिथेच राहिलं. टाकीत पहिली धार पडल्याचा आवाज अंगणापर्यंत आला. बाबा आतून म्हणाले, "आली वाटतं."

शनिवार

पाइप जिथून वर येतो तिथे कंबरभर खड्डा खणला. खाली, जिथे हिव पोचत नाही, तिथे कॉक बसवलाय, त्याला पाणी निथळायला बारीक भोक आहे. भोकाखाली खडी टाकली, पाणी मुरायला. खड्ड्यावर फळी, फळीवर भुशाची पिशवी. भुसा प्लास्टिकमध्ये बांधलाय, ओल्या स्वेटराचे टोमणे किती दिवस ऐकायचे. संध्याकाळी कॉक बंद करायचा आणि वरचा नळ उघडा ठेवायचा, म्हणजे उघड्या हातभरात गोठायला पाणीच उरत नाही. मूळ युक्ती बाबांची. त्यांच्या लहानपणी हे काम लाकडी खुंटीनं व्हायचं.

बियाण्याच्या खोलीत पाण्यानं भरलेलं २०० लिटरचं पिंपही ठेवलंय, उघडं. ही युक्ती फार जुनी आहे. पाणी गोठताना तीच लपलेली उष्णता परत देतं. पिंपातलं दहा किलो पाणी गोठलं तर जवळजवळ एक युनिट विजेइतकी ऊब खोलीला मिळते, आणि कंद गोठायच्या आधी पिंप गोठायला लागतं. सोमवारी ज्यानं मला पायरीवर बसवलं त्याच्याकडून थोडी वसुली.

रविवार

पुन्हा निरभ्र. वारा नाही. सहा वाजताच काटा १ वर.

दारात चार बादल्या भरून झाकल्या. हौदावर लुगडं ताणलं. खड्ड्यात हात घालून कॉक बंद केला, वर येऊन नळ उघडला. धार बारीक झाली, थांबली, आणि पाइपनं हवा आत ओढली, बराच वेळ, गाय शेवटचा घोट ओढते तशी. बाबा काठी टेकत गोठ्याच्या दारापर्यंत आले होते.

"झाला रिकामा?"

"झाला."

"मग आता बघ हवं तर चांदण्या."