बाबांना 'दुखतंय' म्हणायला शिकवताना

बडोद्यात सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा इथे दार-ए-सलाममध्ये सहा. बाबा कमाटीबागेच्या फेऱ्या संपवून बाकावर बसतात आणि मला व्हिडिओ कॉल लावतात. चार महिने हा नेम चुकलेला नाही. आधी किती चालून झालं ते सांगायचं, मग कॅमेरा खाली करून नवे बूट दाखवायचे, मग विचारायचं, "अजून किती दिवस राहिले गं?"

दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालं की बाबा निघणार. नवमीला आम्ही दोघं किलिमांजारोच्या पायथ्याशी असू आणि सगळं सुरळीत झालं तर भाद्रपद पौर्णिमेच्या रात्री शिखराची चढाई. बाबांचं वय 63. मी सात वर्षं टांझानियात आहे, पण शिखरावर मीही गेलेली नाही. दांडिया बाजारातल्या सगळ्या काकू आईला भेटून विचारतायत, "या वयात कशाला?" तुमची काळजी खरी आहे, म्हणून काय काय चाललंय ते इथे सविस्तर लिहिते.

किलिमांजारो 5,895 मीटर उंच आहे आणि विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंश दक्षिणेला. पायथ्याशी चग्गा लोकांच्या केळीच्या आणि कॉफीच्या बागा, त्यावर गच्च ओलं जंगल, मग झुडपांचा माळ, मग नुसते दगड आणि राख, आणि अगदी वर हिमनद्यांचे उरलेले पांढरे कडे. नेहमीच्या वाटांवर दोर लागत नाही, गिर्यारोहणाचं शिक्षण लागत नाही. चालायचं असतं. आणि इथेच लोक फसतात. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, म्हणजे दर श्वासात मिळणारा प्राणवायूही निम्माच. आपलं बडोदं समुद्रसपाटीपासून चाळीसेक मीटरवर, आणि मी तर समुद्राकाठीच राहते. आमच्या दोघांच्याही शरीराला या उंचीची ओळख नाही.

ही ओळख पायांच्या ताकदीने होत नाही, फक्त वेळ दिल्याने होते. रोज धावणारा पंचविशीतला मुलगाही वर आजारी पडतो, कारण तो भरभर चढतो. 1991 पासून गाईडशिवाय या पर्वतावर चढायला परवानगी नाही, त्यामुळे कंपनीमार्फत जाणं आलंच. मी ज्यांना पहिल्यांदा विचारलं त्यांनी पाच दिवसांची सहल सुचवली, आणि ती बरीच स्वस्त होती. मी नको म्हटलं. आम्ही लेमोशोची आठ दिवसांची वाट घेतलीये. त्यात एका दिवशी लाव्हा टॉवरपर्यंत, म्हणजे सुमारे 4,600 मीटरपर्यंत चढायचं आणि झोपायला पुन्हा चार हजारांच्या खाली बारांकोला उतरायचं. चढायचं उंच, झोपायचं खाली. बडोद्याहून कोणी येणार असेल तर माझं कळकळीचं सांगणं एकच: पैसे वाचवायचे तर कपड्यांत वाचवा, दिवसांत वाचवू नका.

बाबांची तालीम पावागडावर चालते. घरापासून पन्नासेक किलोमीटर. दर रविवारी पहाटे निघून चांपानेरपासून पायीच चढायचं, माचीला चहा घ्यायचा, रोपवेकडे न बघता पायऱ्यांनी वर जाऊन कालिकामातेचं दर्शन घ्यायचं आणि तसंच उतरायचं. श्रावणात तर पूर्ण डोंगर ढगात असतो, पायऱ्या निसरड्या, कपडे ओले. ही तालीम मला फार मोलाची वाटते, कारण इथल्या जंगलाच्या पट्ट्यातही असंच असतं. पावागडाची उंची आठशे मीटरच्या आसपास. त्याने विरळ हवेची सवय होणार नाही, पण गुडघ्यांना उतार कळतो, बुटांत बोटं कुठे घासतात ते कळतं. उतरताना अंगठे पुढे आदळतात, म्हणून बूट अर्धा नंबर मोठे घेतले आणि नखं बारीक ठेवायची हे बाबा पहिल्याच महिन्यात शिकले.

आणि मग जुलैमधला तो कॉल. बाबा आंघोळीला गेले होते, फोन आईच्या हातात. ती हळू आवाजात म्हणाली, "यांचा डावा गुडघा सुजलाय. तीन दिवस बर्फ लावतायत. तुला सांगू नको म्हणाले."

मला राग नाही आला, भीती वाटली. बाबा कधीच सांगत नाहीत. ताप अंगावर घेऊन चौतीस वर्षं ऑफिसला गेलेला माणूस. शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी, दुखलं की एक गोळी पाण्याबरोबर, विषय संपला. आपल्याकडे याला सोशिकपणा म्हणतात आणि मीही लहानपणी त्याचं कौतुकच केलं. पण चार हजार मीटरवर हाच सोशिकपणा जीवावर बेततो. साधी डोकेदुखी, मळमळ ही उंचीची पहिली सूचना. ती दडवून चढत राहिलं तर मेंदूला सूज येऊ शकते, तोल जातो, बोलणं अडखळतं. किंवा फुप्फुसांत पाणी होतं, बसल्या जागी धाप लागते. तिथे खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. ते ठरवायचं काम गाईडचं, पण त्याला तुम्ही खरं सांगितलं तरच.

आमच्या गाईडशी मी फोनवर बराच वेळ बोलले. तो रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाला विचारतो: डोकं किती दुखतंय, शून्य ते दहामध्ये सांगा. जेवलात का, उलटी झाली का, झोप लागली का. बोटाला ऑक्सिमीटर लावतो. "आकडा कमी आला म्हणून मी घाबरत नाही," तो म्हणाला, "माणूस गप्प झाला की घाबरतो." न विचारता वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, हेही त्याने दोनदा बजावलं, कारण गोळीने डोकेदुखी थांबते आणि सूचना झाकली जाते.

म्हणून आम्ही तालीम बदलली. कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर कपाटातून बाहेर निघाला आणि मी रोजच्या कॉलवर गाईडसारखे प्रश्न विचारायला लागले. अकरा दिवस बाबांचं उत्तर एकच. डोकं? शून्य. गुडघा? शून्य. थकवा? शून्य. बाराव्या दिवशी ते जरा थांबले आणि म्हणाले, "गुडघा... तीन म्हण." त्या तीनसाठी मी देवाला हात जोडले. दुसऱ्याच दिवशी बाबा हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मांडीचे व्यायाम दिले, दोन काठ्या वापरायला सांगितल्या, दोन रविवार पावागड बंद केला. हृदयाच्या तपासण्याही झाल्या. उंचीवरच्या त्रासासाठी काहीजण घेतात ती डायमॉक्स घ्यायची की नाही, हे बाबांच्या बीपीच्या गोळ्या बघून डॉक्टरांनीच ठरवलंय. ऐकीव सल्ल्यावर कोणी घेऊ नये, सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर नाहीच.

सामानाचं खातं आईकडे. तिची सवय तुम्हाला माहीत आहे, घरात आलेली प्रत्येक प्लास्टिकची पिशवी घडी घालून गादीखाली. पण टांझानियात 1 जून 2019 पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे, बाहेरून येणाऱ्या प्रवाशांनाही. मग आईने आजीच्या जुन्या नऊवारीच्या पिशव्या शिवल्या. मोज्यांची हिरव्या काठाची, टोपी-हातमोज्यांची लाल काठाची, औषधांची लहान, तिला नाडी. अंधारात, गार पडलेल्या बोटांनीसुद्धा काठ चाचपून कळेल कुठली कुठली ते. मला तर त्या सगळ्या सामानात या पिशव्याच सगळ्यात हुशारीच्या वाटतात. सुती बनियन मात्र सगळे बाहेर काढले. घामाने भिजलेलं सूत वाळत नाही आणि शिखराच्या रात्री तापमान शून्याच्या खाली दहा-पंधरा अंशांवर जातं. आईने विणलेला लोकरीचा स्वेटर येतोय.

बाबांचा आग्रह होता की आपलं सगळं ओझं आपणच उचलायचं. "माझी बॅग दुसऱ्याच्या डोक्यावर कशाला?" मी त्यांना सांगितलं की पायथ्याच्या गावांतल्या कितीतरी घरांची चूल या कामावर चालते. आपली जबाबदारी वेगळी आहे. एका पोर्टरने, म्हणजे ओझं वाहणाऱ्या माणसाने, जास्तीत जास्त 20 किलो उचलायचे असा नियम आहे, म्हणून आमच्या बॅगा 15 किलोच्या आत. मी पूर्वी एकदा याच पर्वतावरच्या खालच्या मुक्कामापर्यंत, मांडारा हटपर्यंत, एका दिवसाची चढाई केली होती. पाऊस कोसळत होता आणि सामानाचा गठ्ठा डोक्यावर घेतलेला एक मुलगा माझ्या पुढे गेला, पायात फाटके कॅनव्हासचे बूट, प्रत्येक पावलाला त्यातून पाणी उडत होतं. स्वस्त सहलीतले वाचलेले पैसे कुठून येतात ते मला त्या दिवशी दिसलं. पोर्टरना मजुरी, जेवण, झोपायला धड तंबू मिळतो का, यावर किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था लक्ष ठेवते. कंपनी निवडताना मी तिच्या भागीदारांच्या यादीतून निवडली.

विमा घेताना 6,000 मीटरपर्यंतची चढाई त्यात लिहिलेली आहे ना, हे बघून घ्या. बऱ्याच साध्या प्रवास-विम्यांत ती नसते. गंमत म्हणजे स्वाहिलीतही विम्याला बीमाच म्हणतात. पैशाला पेसा, कोशिंबिरीला कचुंबारी, आणि शिखराच्या आधीच्या शेवटच्या मुक्कामाचं नाव बराफू, म्हणजे बर्फ. बाबांनी हे शब्द वहीत लिहून घेतलेत. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात 'पोले पोले', म्हणजे हळूहळू. गाईड दिवसभर हेच म्हणत असतात.

खाण्याचं शाकाहारी सांगून ठेवलंय. सोबत सुकडी आणि थोडा लीलो चिवडा येईल. उंचीवर भूक मरते, तेव्हा ओळखीची चव असली की दोन घास जास्त जातात. त्या आठवड्यात एकादशी येते, ती या वर्षी नाही करायची, हे बाबांनी आपणहून कबूल केलं.

कालचा कॉल. बाग नुकतीच पावसाने धुतलेली, बाबांच्या मागे ओला बाक.

"डोकं शून्य," मी विचारायच्या आतच ते म्हणाले. "डावा गुडघा एक. जेवण व्यवस्थित." मग थोडं थांबून, "रात्री झोप नाही लागली. जरा भीती वाटत होती."

"किती?"

"चार."

"माझी पाच," मी म्हणाले.