चाव्या दोन्ही घरात, गाडी देवासला

लोकमान्य नगरातल्या एका काकांची पांढरी डिझेल एसयूव्ही टो होऊन आमच्या वर्कशॉपला आली, तेव्हा तिच्या दोन्ही चाव्या काकांच्या हातात होत्या आणि एकही चालत नव्हती. गाडी रात्री घरासमोरून गेलेली, नंतर मध्य प्रदेशात देवासजवळ एका ढाब्यामागे सापडलेली आणि कोर्टाच्या आदेशाने सुपुर्दगीवर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायला मालकाकडे, सुटलेली. विमा कंपनीचा तपासनीस एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होता, चाव्या तुमच्याकडे होत्या तर गाडी चालू झाली कशी? त्या प्रश्नामागचा संशय काकांना चोरीपेक्षा जास्त लागला होता.

चोरीहून परत आलेली गाडी मालक सहसा धुऊन-पुसून आणतात आणि मग काही कळायला मार्ग उरत नाही. ही जशीच्या तशी आली. अशी गाडी अजून मुद्देमाल, म्हणजे खटल्यातला पुरावा असते. सुपुर्दनाम्यात विकू नका, रंग-रूप बदलू नका, मागू तेव्हा हजर करा अशा अटी असतात. म्हणून पाना हातात घेण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि दुरुस्तीबद्दल ठाण्यात लेखी कळवून त्याची पोच घ्यायला काकांना पाठवलं. हे बरेच लोक करत नाहीत आणि पुढे कोर्टाच्या तारखेला अडकतात.

मागच्या दाराजवळची छोटी तिकोनी काच फुटलेली होती. आत हात घालून कडी काढता येते आणि मोठ्या काचेपेक्षा आवाज कमी होतो. असं दार उघडलं की अलार्म वाजायला हवा. पण हॉर्न ग्रिलमागे असतो आणि बऱ्याच गाड्यांत बंपरखालून तिथे हात पोचतो. इथे हॉर्नच्या दोन्ही वायरी कटरने सरळ कापल्या होत्या. तुटलेल्या वायरीचे तांब्याचे तंतू कमीजास्त लांब असतात, इथले टोकापर्यंत एकसारखे होते. म्हणजे काच फोडायच्या आधीच आवाजाचा बंदोबस्त झालेला.

काकांच्या भाच्याने त्यांना सांगितलं होतं, ‘मामा, बटण-स्टार्ट गाड्या रिलेने नेतात.’ त्याचं म्हणणं खोटं नाही. हँडलला हात लावला की गाडी 125 किलोहर्ट्झवर हाक मारते आणि चावी 433 मेगाहर्ट्झच्या आसपास उत्तर देते. एक माणूस अँटेना घेऊन घराच्या भिंतीशी आणि दुसरा गाडीच्या दाराशी उभा राहिला, की चावी जवळच आहे असा गाडीचा समज होतो. एकदा सुरू झालेलं इंजिन चावी दूर गेली म्हणून बंद पडत नाही, फक्त सूचना देतं, कारण चालत्या गाडीचं इंजिन बंद पडणं जास्त धोक्याचं. पण रिलेवाल्याला काच फोडायची गरजच नसते. आम्ही तिथेच भाच्याचा तर्क बाजूला ठेवला.

खरी गोष्ट स्टिअरिंगखाली होती. तिथल्या पॅनलच्या क्लिपा तुटलेल्या, सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट (तपासणीचं मशीन जोडायची जागा) ब्रॅकेटमधून निसटून लोंबत होतं. स्कॅनर लावला तर इमोबिलायझरच्या, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेच्या पानावर नोंदलेल्या चाव्यांची संख्या आली 1. कंपनीने दिलेल्या दोन. चाव्या हरवलेल्या मालकासाठी आमच्यासारखे जे करतात तेच चोराने केलं होतं. सॉकेटला मशीन जोडून जुन्या सगळ्या चाव्या पुसल्या आणि स्वतःची एक शिकवली. सराईत हाताला काही मिनिटं पुरतात. शिकवलेली चावी गाडी आपलीच मानते, मग इलेक्ट्रॉनिक स्टिअरिंग लॉकही आपोआप सुटतो, मोडतोड करावी लागत नाही. त्या पानाचा चासी क्रमांकासह प्रिंट काढून तपासनीसाला दिला. काकांच्या चावीने गाडी नेली असती तर त्या चाव्या पुसायचं कारण नव्हतं.

ट्रॅकर होता, पण त्याच सॉकेटशेजारी टेपने गुंडाळून लावलेला. म्हणजे चोराचा हात जिथे सगळ्यात आधी जातो तिथे. ॲपमध्ये शेवटचा ठिकाणा काकांचंच घर. फिटिंगवाल्याने दहा मिनिटं वाचवली आणि उपकरणाचा सगळा खर्च वाया गेला. समोरच्या काचेवरचा फास्टॅग खरवडून काढला होता, डिंकाचा चौकोन तेवढा राहिलेला. टोलवर पैसे कटले की मालकाच्या मोबाईलवर नाक्याचं नाव येतं, हे चोरालाही ठाऊक असतं. नंबर प्लेटचे एकदाच बसणारे स्नॅप-लॉक फोडून साधी प्लेट स्क्रूने बसवली होती. 1 एप्रिल 2019 नंतरच्या गाडीवर होलोग्राम नसलेली, खाली डाव्या कोपऱ्यात लेझरचा क्रमांक नसलेली प्लेट दिसली तर जरा थांबून बघावं.

ढाब्यामागे गाडी टाकून दिलेली नव्हती, थंड करायला ठेवली होती. ट्रॅकरच्या मागावर कोणी येतं का, हे बघायला चोरीची गाडी काही दिवस अशी उभी करतात. त्यानंतर एक तर ती सुट्या भागांत जाते, नाहीतर कागदांवर चढते. दुसरा प्रकार लोकांना कमी माहीत आहे. अपघातात पूर्ण निकामी झालेली त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी भंगारात आरसीसकट विकत घ्यायची आणि तिचा चासी क्रमांक चोरीच्या गाडीवर बसवायचा. म्हणून टोटल लॉस झालेली गाडी आरसीसकट कोणाच्या हवाली करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे ती कायमची निकामी झाल्याचं 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. जुनी गाडी घेताना चासी क्रमांकाभोवतीच्या पत्र्यावरून बोट फिरवा. वेल्डिंगचा उंचवटा, पुट्टी, आजूबाजूला नसलेला ताजा रंग हाताला आणि डोळ्याला कळतो. सतरा अक्षर-अंकांत इंग्रजी आय, ओ आणि क्यू कधीच नसतात. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) नागरिक सेवांमध्ये गाडी चोरीची नोंदलेली आहे का, हेही बघता येतं.

आधी चोराची चावी पुसून काकांच्या दोन्ही पुन्हा शिकवल्या. गाडी परत मिळाली की हे टाळू नये, कारण ती तिसरी चावी अजून कोणाच्या तरी खिशात आहे.

मग कट-ऑफ, म्हणजे गाडी सुरू होऊ न देणारा लपवलेला स्विच. काका म्हणाले, ‘डिझेलचाच पुरवठा तोडा ना.’ आम्ही नको म्हटलं. त्यात जोड ढिला झाला तर गाडी बायपासवर धावताना बंद पडते. स्टार्टरच्या वाटेवर तोडलं तर फार तर गाडी सुरू होणार नाही. स्टार्टर रिले म्हणजे स्टार्टर चालू करणारा विजेचा स्विच, भाच्याने सांगितलेला रिले वेगळा. त्याच्या 85 आणि 86 या पायांमध्ये कॉइल असते, तिच्यातून जेमतेम दीडशे-दोनशे मिलीअँपिअर जातात. त्यातल्या एका पायाची वायर लपवलेल्या छोट्या स्विचमधून फिरवली. 0.75 चौरस मिलिमीटरची वायर, मूळ रंगाचीच, डाग देऊन वर हीट-श्रिंक. चिमटा-कनेक्टर लावू नयेत, पावसाळ्यात तेच आधी दगा देतात. काही गाड्यांत रिले बोर्डावरच डागलेला असतो. तिथे स्टार्टरच्या सोलेनॉइडकडे जाणाऱ्या जाड वायरीत छोटा स्विच टाकला तर जळतो, वेगळा 30-40 अँपिअरचा रिले घालावा लागतो. वॉरंटीतल्या गाडीत हे काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारूनच करावं. स्विच कुठे आहे ते घरच्यांशिवाय कोणाला सांगू नये, गाडी धुणाऱ्यालाही नाही.

आमच्या मते यालाच सगळ्यात जास्त अर्थ आहे. कंपनीने दिलेलं प्रत्येक कुलूप चोराने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीवर आधी उघडून बघितलेलं असतं. तुमच्या गाडीतली ती एक वायर त्याने पाहिलेली नसते आणि रात्री गल्लीत डॅशबोर्ड उघडून शोधायला त्याला फुरसत नसते. त्याच कारणाने, घट्ट केल्यावर डोकी तुटणाऱ्या, म्हणजे पुन्हा सहज न उघडणाऱ्या बोल्टांनी बसवलेला गिअर लॉकही कामाचा. ओबीडी सॉकेटवर लोखंडी झाकण बसवलं. नवा ट्रॅकर स्वतःच्या बॅटरीचा घेतला आणि डॅशबोर्डपासून लांब ठेवला. पत्र्याच्या पेटीत मात्र ठेवू नये, सिग्नल मरतो.

भाच्याच्या गाडीसाठी त्याने सिग्नल अडवणारी पाकिटं आणली होती. चावी पाकिटात, पाकीट खिशात आणि हँडल ओढून बघायचं. दार उघडलं तर पाकीट निकामी. अस्तर घडीवर झिजतं, म्हणून ही परीक्षा अधूनमधून करावी. मॉलच्या पार्किंगमध्ये रिमोट दाबून पाठ फिरवू नये, रिमोटचा सिग्नल अडवणारा चोराचा जॅमर चालू असेल तर कुलूप लागतच नाही. हँडल ओढून बघायला वेळ लागत नाही.

राहिला विमा. चोरीच्या दिवशीच तक्रार झाली होती म्हणून काकांची बाजू भक्कम होती. ऑनलाइन तक्रार दिली तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे 3 दिवसांत जाऊन सही करावी लागते. क्लेम मंजूर होण्याआधी गाडी मिळाली, त्यामुळे पूर्ण आयडीव्हीचा, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीचा, प्रश्न संपला आणि नुकसानीचा क्लेम उरला. काच, पॅनल, हॉर्न आणि वायरिंग त्यात बसतं. चाव्यांच्या कामासाठी बहुधा वेगळं ॲड-ऑन (जादा संरक्षण) लागतं. कट-ऑफ आणि गिअर लॉक तर मालकाच्याच खिशातून. म्हणून आमच्या बिलात या तिन्हींच्या ओळी वेगळ्या लिहिल्या, नाहीतर सर्व्हेअर सगळं बिल एकत्र धरून बसतो.