बॅटरी क्रमांक १४३ : चूक हाताची की मशीनची?

मागची नोंद लिहिली तेव्हा साठावी बॅटरी संपली होती आणि मी फुशारकी मारली होती की पुढच्या नोंदीत माझ्या रिमोटवरच्या छोट्या हेलिकॉप्टरने हवेत आठचा आकडा काढून दाखवते. आठ राहू दे, अजून साधं शून्यही नीट निघत नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी दिवस मोजत नाही, बॅटऱ्या मोजते (बॅटऱ्या चारच, पुन्हापुन्हा भरायच्या; एकदा भरून संपवली की एक धरायची). एक बॅटरी साधारण पाच मिनिटं टिकते आणि यूएसबीच्या चार्जरवर भरायला पाऊण तास घेते. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, म्हणून वर पंधरा मिनिटं थांबायचं. म्हणजे १४३ बॅटऱ्यांचे हवेतले तास जेमतेम बारा. त्यातला निम्मा वेळ जमिनीवर घसटत गेलाय हे वेगळं.

मशीन तेच आहे. एक पंखा, फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन ठरलेला), चार चॅनल (रिमोटवरून चार हालचाली), शेपटीला स्वतंत्र छोटी मोटर. वजन चाळीस ग्रॅमच्या आसपास आणि पंख्याचा व्यास वीतभर. बाहेर नेण्याचा प्रश्नच नाही, पावसाळ्यात कराडला वाऱ्याची एक झुळूक आली तरी ते कागदासारखं शेजारच्या गच्चीवर जातं. (२५० ग्रॅमच्या आतलं असल्यामुळे २०२१ च्या ड्रोन नियमांत ते नॅनो गटात बसतं आणि लायसन्स लागत नाही, पण मोठं मशीन घेणार असाल तर आधी सरकारचा ड्रोनसाठीचा नकाशा (डिजिटल स्काय) उघडून आपलं गाव कुठल्या रंगात, म्हणजे उडवायला मोकळीक आहे की नाही, ते बघा.)

तर जागा. माझ्या चुलत दिरांच्या ओळखीने एका मंगल कार्यालयाचा हॉल मिळालाय. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न, मुहूर्त नाहीत, हॉल रिकामा. भटजी आणि बँडवाले ज्या चार महिन्यांना नावं ठेवतात तो माझा हंगाम. संध्याकाळी बँकेतून सुटले की तासभर तिथे. वॉचमन मामा खुर्ची टाकून बसतात आणि रोज एकच प्रश्न विचारतात, "आज किती पडलं?"

त्याआधी माझ्याकडे भाच्याचं एकावर एक दोन पंख्यांचं कोअॅक्सियल होतं. ते मी पहिल्याच दिवशी सोफ्यावरून टीव्हीवर उतरवलं होतं आणि मला वाटलं, जमलं की! जमलं मला नव्हतं, त्याला जमलं होतं. त्यात दोन पंखे उलटसुलट फिरतात, एकमेकांचा पीळ मारतात, वरचा दांडा डोलणं आपोआप सावरतो. रिमोटची स्टिक सोडली की ते जागेवर उभं राहतं. एका पंख्याच्या मशीनची स्टिक सोडली तर ते उभं राहत नाही, निघून जातं. म्हणून कोअॅक्सियल ज्यांना वाढदिवसाला मिळालंय त्यांना माझं सांगणं, ते उडवा, मजा करा, पण आपण शिकलो असं समजू नका.

पहिल्या साठ बॅटऱ्यांत मी एकच मोठी चूक करत होते आणि ती मामांनी पकडली. पडलं तर कमी लागावं म्हणून मी मशीन चार बोटं वर ठेवून उडवायची. ते बर्फावर ठेवल्यासारखं सरकायचं, खांबाकडे, खुर्च्यांच्या चळतीकडे, कुठेही. मामा म्हणाले, "ताई, त्येला भुईवर कशापायी घासताय? वर तर उचला की." मी त्यांना समजावायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की ते बरोबर बोलतायत. पंख्याच्या व्यासाएवढ्या उंचीच्या आत असलं की खाली ढकललेली हवा फरशीला आपटते आणि मशीनखाली गादीसारखी साठते. त्या गादीवरून ते घसरतं. तिथे लावलेला ट्रिमही (मशीन एका बाजूला ओढत असेल तर रिमोटवर करून ठेवायची बारीक दुरुस्ती) खोटा, कारण वर गेल्यावर सगळं बदलतं. कमरेएवढं उचललं आणि अर्धं नाचणं बंद झालं. भीती मात्र दुप्पट.

वर गेल्यावर दुसरं दुखणं सुरू झालं. फिक्स्ड पिचमध्ये पात्यांचा कोन बदलत नाही, उचल फक्त फिरण्याच्या वेगावर. थ्रॉटल दिला की मोटर वेग घेईपर्यंत एक क्षण जातो. खाली येतंय म्हणून दिला थ्रॉटल, काही होईना म्हणून आणखी दिला, आणि मग दोन्ही एकदम पोचतात. मशीन छताला. घाबरून कमी केला, मशीन फरशीला. विहिरीवरच्या रहाटासारखं वरखाली. यावर उपाय म्हणजे अंगठा थ्रॉटलवर सतत, अगदी बारीक हलत ठेवायचा आणि मशीन काय करतंय त्याऐवजी पुढच्या अर्ध्या सेकंदात काय करेल ते बघायचं. हे वाक्य मी साठाव्या बॅटरीलाही लिहू शकले असते. अंगठ्याला ते शंभराव्याला कळलं.

आदळताना थ्रॉटल शून्यावर आणायचा हा नियमही तसाच. सगळ्यांना पाठ, हाताला कुणाच्याच नाही. काही पडत असलं की माणूस ते उचलायला जातो, तसा अंगठा वर जातो, आणि फिरती पाती फरशी खातात. कर्रर्र असा आवाज आला की समजायचं, मोठ्या गियरचे दात गेले. माझे तीन गियर असे गेलेत. मधल्या काळात माळ्यावरचं, थर्माकोलवर बंदी येण्याआधीचं मखर काढून त्याचे गोळे केले, खराट्याचे हीर आडवेउभे बांधून चार टोकांना लावले आणि मशीनला पाय दिले. उलटणं थांबलं, पण पाच-सहा ग्रॅमचं ते ओझं घेऊन मशीन म्हशीसारखं उडायला लागलं. आठवड्यात काढून टाकलं.

आता खरी कुरकुर.

बॅटरी ६५ पासून माझ्या लक्षात आलं की मशीन सतत डावीकडे सरकतं. शेपटी माझ्याकडे, नाक समोर, सगळं सरळ, तरी डावीकडे. मी ठरवून टाकलं की आदळण्यात काहीतरी वाकलंय. स्वॉशप्लेट (पंख्याला हव्या त्या बाजूला कलवणारी चकती) बदलली. तिला हलवणाऱ्या दोन्ही सर्व्होंच्या (छोट्या मोटरांच्या) लिंक काढून मोजून बसवल्या. नवी पाती लावली. नऊशे रुपये आणि दोन रविवार गेले. मशीन डावीकडेच.

वाकलं काहीच नव्हतं. आपल्या छोट्या मशीनचा पंखा वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, त्यामुळे धड उलट्या बाजूला वळू पाहतं. ते रोखायला शेपटीचा पंखा सगळा वेळ डावीकडे ढकलत असतो. नाक सरळ राहतं, पण ती ढकल जाणार कुठे? अख्खं मशीनच डावीकडे सरकतं. म्हणून उजवीकडे किंचित कलतं ठेवूनच ते एका जागी उभं राहतं. मोठ्या हेलिकॉप्टरांतही हेच. अमेरिकी बनावटीच्या बहुतेक हेलिकॉप्टरांचा पंखा उलटा फिरतो म्हणून ती डावीकडे कलून उभी राहतात. आपलं चेतक हेलिकॉप्टर मुळात फ्रेंच, त्याचा पंखा आपल्या खेळण्यासारखाच फिरतो. हे सगळं कळल्यावर उजवीकडे ट्रिमचे चार टिक दिले आणि विषय संपला. जुनी स्वॉशप्लेट ठणठणीत आहे, डबीत ठेवलीय.

त्या रात्री हेलिकॉप्टर बनवणाऱ्या सिकॉर्स्कीबद्दल वाचत बसले. त्याचं व्हीएस-३०० हे हेलिकॉप्टर १४ सप्टेंबर १९३९ ला पहिल्यांदा उचललं तेव्हा दोरांनी बांधून ठेवलेलं होतं. मोकळं उड्डाण १३ मे १९४० ला. म्हणजे आठ महिने. मला बरं वाटलं. नवऱ्याने विचारलं, "त्याच्याकडे पण बॅटऱ्या चारच होत्या का?"

माझ्याकडेही आता चार नाहीत. गणपतीला गावी जाताना सगळ्या पूर्ण भरून ठेवल्या, आल्या आल्या उडवता यावं म्हणून. दहा दिवसांनी आले तर एक पापडासारखी फुगलेली. लायपो (या मशीनची लिथियम पॉलिमर बॅटरी) पूर्ण भरून, म्हणजे ४.२ व्होल्टवर, ठेवून द्यायची नसते. ठेवायची तर ३.८ च्या आसपास. हे मला माहीत होतं, हे जास्त लागलं.

तर डावीकडे सरकण्याच्या प्रकरणातून मी धडा घेतला की मशीनला दोष द्यायचा नाही, दोष अंगठ्याचा. आणि त्याच धड्याने पुढच्या वीस बॅटऱ्या खाल्ल्या.

बॅटरी ९० च्या सुमारास नाक डावीकडे वळायला लागलं. सरकणं नाही, वळणं. थ्रॉटल वाढवला की जास्तच. मी म्हटलं, हे आपलंच. माझ्या रिमोटवर थ्रॉटल आणि रडर (नाक वळवायचं) एकाच स्टिकवर आहेत, वर ढकलताना माझा अंगठा डावीकडे ओढत असणार. मग लॅपटॉपवर सिम्युलेटर (उडवायचा खोटा सराव) लावून रोज रात्री अर्धा तास अंगठा सरळ वर-खाली, वर-खाली. तिथे नाक हलत नव्हतं, हॉलमध्ये हलत होतं. तरी मी मशीनकडे बघितलं नाही. रडरचा ट्रिम उजवीकडे एक टिक, दोन टिक, असं करत बॅटरी ११० ला ट्रिम संपला. रिमोट लांब पिप् करून गप्प झाला.

रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर घेऊन बसले. सहज शेपटीच्या पंख्यावर फुंकर मारली. तो गरगर फिरायला हवा. अर्धा वळला आणि थांबला, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं तर पंखा आणि मोटर यांच्या मधल्या फटीत, तांदळाचा दाणाही जाणार नाही अशा जागेत, काहीतरी चमकलं. आधी वाटलं माझाच केस. केस चमकत नाही. पंखा हळूच ओढून काढला, सुईच्या टोकाने सुरुवात शोधली आणि चिमट्याने उलगडत गेले. एक वेढा, दोन, सात, आठ. वीतभर जरीची तार निघाली. सोनेरी, कुठल्यातरी पैठणीची नाहीतर शालूची. ज्येष्ठातल्या शेवटच्या लग्नात कुणाचा तरी पदर खुर्चीत अडकला असणार, आणि ती तार अक्षतांच्या दाण्यांबरोबर कोपऱ्यात पडून राहिली असणार. पंख्याचा वारा फरशी झाडतो आणि झाडलेलं सगळं शेपटीला देतो.

जरीची तार निघाल्यावर ट्रिम जवळजवळ मधोमध आला. मी ती जरीची तार वहीत चिकटवून ठेवलीय, बॅटरी ९० ते ११० या पानावर.

पण वीस बॅटऱ्या ती मोटर ब्रेक दाबून धावत होती, त्यामुळे १२६ ला ती गेलीच. नवी लावताना केसाएवढ्या दोन तारा उलटसुलट सोल्डर केल्या. थ्रॉटल दिला तर शेपटी पीळ रोखायच्या ऐवजी त्याला हातभार लावायला लागली आणि मशीन फरशीवर भोवऱ्यासारखं गिरकलं. मामा खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं नवीन काहीतरी शिकले.

तेव्हापासून हॉलमध्ये पोचलं की आधी दोन्ही पंख्यांवर फुंकर. मग कोपऱ्यात झाडू. मग बॅटरी जोडून मशीन सपाट फरशीवर ठेवायचं आणि जायरो (तोल ओळखणारा भाग) जागा धरेपर्यंत हात लावायचा नाही (एकदा मांडीवर ठेवून जोडली होती, ते मांडीच्या उतारालाच सपाट समजलं). मग कमरेच्या उंचीवर नेऊन बाजूने पात्यांची टोकं बघायची. एकच रेघ दिसली तर ठीक, दोन दिसल्या तर एक पातं वाकलंय. एवढं झाल्यावर जे चुकेल ते माझं, त्याबद्दल तक्रार नाही.

चुकतंय ते आता नाक माझ्याकडे असताना. शेपटी माझ्याकडे असताना मी पूर्ण बॅटरीभर मशीन एका जागी उभं ठेवते. आडवं दोन्ही बाजूंनी जमतं, डावी बाजू बरी. नाक वळून माझ्याकडे आलं की डोकं कोरं. त्याचा उजवा माझा डावा, त्याचं पुढे म्हणजे माझ्या तोंडावर. मी मनात "उलट, उलट" म्हणत राहते आणि तेवढ्यात ते गेलेलं असतं. सध्या कामाला येतंय ते वेगळंच. भिंत कलली की त्याच बाजूला टेकू देतो ना, तसं. नाक माझ्याकडे असताना मशीन माझ्या डावीकडे कललं तर स्टिकही डावीकडे, पडणाऱ्या बाजूखाली टेकू लावल्यासारखी. उजवं-डावं विचारात घ्यायचंच नाही. हे सिम्युलेटरवर शंभर वेळा करून मगच हॉलमध्ये केलं.

तुळशीचं लग्न झाल्यावर आठवड्याभरात पहिला मुहूर्त आहे आणि मामांनी वही उघडून दाखवली, ती तारीख लागलीय. तोवर तीन बॅटऱ्यांवर जेवढं होईल तेवढं.

कालची नोंद, बॅटरी १४३ : नाक माझ्याकडे, कमरेची उंची, ११ सेकंद. बाराव्याला खांब. थ्रॉटल वेळेत शून्यावर आला, पाती वाचली. एक ग्रिप (पातं धरून ठेवणारा तुकडा) तुटली, मागवलीय.