वरचा एक

श्रावणात पाऊस कसा पडतो हे सांगायला मराठीत कवी पुरेसे आहेत. मला तो किती पडतो हे हवं होतं. पेपरात रोज शिवाजीनगरचा आकडा छापून येतो, पण शिवाजीनगरला धो धो चालू असताना आमच्या कोथरूडच्या गच्चीवर खुशाल कपडे वाळत असतात. म्हणून या महिन्याचा घरगुती उद्योग ठरला: पर्जन्यमापक. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांसाठी कोड लिहिणाऱ्या माणसाने घरी येऊन स्वतःसाठी कोड लिहावा, याला बायको आराम म्हणायला तयार नाही.

यंत्र साधंच आहे. वर प्लॅस्टिकचं नरसाळं, खाली सीसॉसारखी मध्यावर तोललेली पट्टी आणि तिच्या दोन टोकांना खोकल्याच्या औषधाची टोपणं. एक टोपण भरलं की पट्टी कलंडते, पाणी सांडतं आणि दुसरं टोपण धारेखाली येतं. दर कलंडीला पट्टीवरचं लोहचुंबक एका रीड स्विचसमोरून, म्हणजे चुंबक जवळ आलं की मिटणाऱ्या छोट्या स्विचसमोरून जातं आणि चिप एक आकडा वाढवते. नरसाळ्याचं तोंड सोळा सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे एक मिलिमीटर पावसाला त्यात साधारण वीस मिलिलिटर पाणी जमतं. टोपण चार मिलिलिटरला कलंडलं तर एक कलंडी म्हणजे ०.२ मिलिमीटर. ते बरोबर चारलाच कलंडावं म्हणून लेक बिनसुईच्या सिरिंजने थेंब थेंब पाणी सोडत होती आणि मी पट्टीखालचा स्क्रू पिळत होतो. एक अख्खा रविवार यात गेला आणि चांगला गेला.

रीड स्विचची एक खोड असते. मिटताना तो क्षणभर थरथरतो आणि चिपला प्रत्येक थरथर वेगळी वाटते. तशीच मोजू दिली तर कोथरूडला ताम्हिणीचा पाऊस पडेल. म्हणून एक नोंद झाली की पुढचा पाव सेकंद चिपने काही ऐकायचंच नाही, असा नियम घालावा लागतो. आणखी एक गोष्ट म्हणजे हवामान खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा धरतात, कारण आपले साडेआठ म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे पहाटेचे तीन. टाइमझोनने ज्याचा छळ केला नाही असा प्रोग्रामर विरळा, त्यामुळे मला हे वाचून फार आपलेपणा वाटला. खात्याच्या मुख्यालयानेही कमी वेळा बिऱ्हाड बदललेलं नाही. सिमल्याहून ते १९२८ मध्ये पुण्याला आलं, पुढे दिल्लीला गेलं, पण पुणेकरांच्या तोंडी चौकाचं नाव अजून सिमला ऑफिसच आहे.

व्यायामाचं फार सांगण्यासारखं नाही. वेताळ टेकडी चढतो, मोर ओरडताना ऐकतो, चिखलाचे बूट घेऊन परत येतो. मनगटावरच्या घड्याळाला दहा हजार पावलं हवी असतात. हा आकडा कुठल्या वैद्यकाच्या ग्रंथातून आला असेल असं वाटायचं, पण १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. आकडा गोल होता, खपला. संशोधकांनी तो तपासायला घेतला तो नंतर. तरीही रात्री घड्याळात ९,७०० दिसले की मी हॉलमध्ये फेऱ्या मारतो. घरातली मंडळी टीव्हीसमोरून डोकं इकडे तिकडे करत राहतात.

आईचं मोजणं वेगळं. यंदा तिचा चातुर्मासाचा नेम लाख वातींचा आहे. दुपारी जेवणं आटोपली की ती पिंजलेला कापूस पुढ्यात घेते, बोटांना चिमूटभर राख लावते आणि वळत बसते. शंभर झाल्या की दोऱ्याने जुडी बांधायची आणि वहीत एक रेघ ओढायची. एकदा मी सहज एक जुडी सोडून मोजली, तर एकशे दोन निघाल्या.

"आई, यात दोन जास्त आहेत."

"असू देत. मोजताना एखादी चुकली असेल तर देवाला कमी नको पडायला."

म्हणजे हजार जुड्यांमागे दोन हजार वाती वरच्या. आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक हीच, एकने चुकण्याची. दहा खांब असले तर मधल्या तारा नऊ, एवढ्या साध्या हिशोबात मोठमोठे लोक आडवे होतात. वरचा एक दिसला की माझा हात शोधाशोध सुरू करतो. पण याच घरात लग्नाच्या आहेराचं पाकीट बंद करण्याआधी रुपयाचं नाणं शोधत सगळे खण उपसले जातात.

सहलीला या वेळी लोणावळा नको, यावर एकमत होतं. गाडीत बसून गाड्या बघण्यात पाऊस जातो. आम्ही जुन्नर, आपटाळे, घाटघर करत नाणेघाटाला गेलो. वर धुकं इतकं की जीवधन शेजारीच आहे यावर विश्वास ठेवायचा. कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्याने उलटं वर येत होतं आणि लेक त्यात तोंड उघडून उभी होती. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण पाहून आई तिथेच थांबली, कारण कणीस भाजणारा तिथेच होता. आम्ही घाटातून थोडं उतरून लेण्यात गेलो.

मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता वर कोरलेली नावं आणि पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. बाजूच्या भिंतींवर राणी नागनिकेचा तो प्रसिद्ध लेख आहे, दोन हजार वर्षांच्या आसपासचा. मला बघायचे होते ते त्यातले अंक. यज्ञ केले, दक्षिणा दिली, आणि किती दिली ते राणीने दगडात लिहून ठेवलं. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात या अंकांचा अभ्यास केला. स्थानानुसार किंमत बदलण्याची युक्ती त्यांत नाही. हजाराच्या चिन्हाला चाराचं जोडलं की चार हजार, शंभराच्या चिन्हाला चाराचं जोडलं की चारशे. त्यामुळे २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, लिहायला वीस हजार, चार हजार आणि चारशे अशी तीनच चिन्हं पुरतात. गाईंचे आकडे तर बघण्यासारखे आहेत. कुठे १,१०१, कुठे १०,००१.

वर आल्यावर आईला सांगितलं. तिने कणीस खाता खाता मान डोलावली. "बरोबरच आहे. दहा हजार कशी देईल? शून्यावर कुणी देतं का?"

गंमत म्हणजे राणीच्या अंकांत शून्यच नव्हतं. तिच्या दहा हजाराच्या शेवटी काहीच रिकामं दिसत नव्हतं, तरी वर एक गाय होतीच. विद्वान याचं काय कारण देतात ते देवोत, मी आईचं मत ग्राह्य धरलं आहे.

त्या नादात परत आल्यावर वाचायला घेतली ती हाल सातवाहनाची गाथासप्तशती, अर्थात मराठी भाषांतरासकट. मूळ महाराष्ट्री प्राकृत आहे, अडखळत वाचलं तर मधूनच एखादा शब्द ओळखीचा हसतो. मला वाटलं होतं राजाने जमवलेल्या गाथा म्हणजे दरबार असेल. निघाली शेतं, नदीकाठ, सासू, दीर, वाटसरू. आणि मोजणं! नवरा परगावी गेलेली एक बाई भिंतीवर दिवसांच्या रेघा ओढते. ठरलेला दिवस उलटून जाईल या धास्तीने तिच्या मैत्रिणी तिच्या नकळत दोन-तीन रेघा पुसून टाकतात. कामावर असतो तर अशा मैत्रिणींचे पासवर्ड त्याच दिवशी बंद केले असते. इथे मात्र ते पान मी बराच वेळ उलटलं नाही.

दुसरी एक भोळी पोर हातापायांच्या बोटांवर दिवस मोजते, बोटं संपतात, आणि आता कशावर मोजू म्हणून रडायला लागते. ही गाथा मी रात्री जेवताना सगळ्यांना वाचून दाखवली.

लेक लगेच म्हणाली, "त्यात काय? पुन्हा पहिल्या बोटापासून सुरू करायचं आणि दर वेळी एक खडा बाजूला ठेवायचा."

मी खूश. पोरीने जेवणाच्या ताटावर हातचा शोधून काढला होता. मी तिला वीसच्या पटीतली मोजणी समजावून द्यायला लागलो, तशी बायको म्हणाली, "ती बोटं संपली म्हणून रडत नाहीये रे. आमटी घे, गार होतेय."